तीन अक्षरी पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दुपारची आवराआवर झाली की पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसणारे आपल्यात पुष्कळ जण आहेत. आपल्या इंदूरकडे तर या कोड्याचा आणखी एक फायदा होतो. नातवंडं हिंदी-इंग्रजी शाळेत जातात, मग आजी-आजोबा फॅमिली ग्रुपवर कोड्याचा फोटो टाकतात, "चार अक्षरी, शेवटी ‘र’, सांगा बरं!" आणि त्या निमित्ताने घरात दोन मराठी शब्द जास्त बोलले जातात.

या खेळाला फार वर्षं झालेली नाहीत. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन हे पत्रकार न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात काम करत. त्यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी असं पहिलं कोडं छापलं. त्याला नाव दिलं ‘वर्ड-क्रॉस’. पुढे ते उलटून ‘क्रॉसवर्ड’ झालं. म्हणजे एकमेकांना छेदून जाणारे शब्द. आज चिंतन करायचं आहे ते या छेदण्याचं.

समजा, आडव्या शब्दाला सूचना आहे, ‘पाणी’, घरं तीन. तुम्ही लगेच लिहिलंत ‘उदक’. बरोबर आहे. शेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या ‘सलिल’. तेही बरोबर. सासूबाई म्हणाल्या ‘जीवन’. तेही पाण्याचंच नाव. तिन्ही शब्द तीन अक्षरी, तिन्ही शब्दकोशात आहेत. आता भांडत बसलो तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत निकाल लागणार नाही, कारण चुकलेलं कुणीच नाही!

निकाल कशाने लागतो? मधल्या घरातून वरून खाली येणाऱ्या उभ्या शब्दाने. त्याची सूचना आहे, ‘पांडवांतला सर्वांत धाकटा’, चार अक्षरी. तिथे ‘सहदेव’ पक्का. त्याचा शेवटचा ‘व’ नेमका आपल्या मधल्या घरात येतो, आणि मग ‘जीवन’ लिहायचं. ‘उदक’ लिहिलेल्याला खोडरबर हातात घ्यावं लागतं. त्याचं ज्ञान कमी नव्हतं, पण त्याचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाशी जुळत नव्हता.

संसारातली बरीच भांडणं अशीच असतात. खोट्या आणि खऱ्याचं भांडण सोडवायला सोपं. एक खरा आणि दुसराही खरा, हे भांडण घर फोडतं.

आपल्याच सत्संगातल्या एका कुटुंबाची गोष्ट, त्यांची परवानगी घेऊन नावं न घालता सांगते. वडील गेले, आई जुन्या घरात एकटी. थोरला पुण्याला, तो म्हणे, "आई माझ्याकडे येईल, हॉस्पिटल जवळ आहे." लेक गावातच दिलेली, ती म्हणे, "या वयात तिला ओळखीच्या माणसांतून उपटू नका." धाकटा बंगळूरला, तो म्हणे, "चोवीस तासांची बाई ठेवू, पैसे मी देतो." तिघांचंही आईवर प्रेम, तिघांचंही म्हणणं बरोबर. आणि सात महिने तिघं एकमेकांशी बोलत नव्हते. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा बंद.

शेवटी सुट्टीत आलेल्या नातवाने सरळ विचारलं, "आजी, तुला काय हवंय?" त्या म्हणाल्या, "सकाळी माझ्या देवापाशी बसता यावं, आणि तुम्ही सगळे एका पंगतीला जेवताना दिसावेत. बाकी तुम्ही ठरवाल तसं."

हाच त्या घरातला ‘सहदेव’ होता. तिघांच्याही शब्दांना छेदणारा पक्का शब्द, आणि नेमका तोच कुणी विचारला नव्हता. आता आई देवघरापाशीच आहेत, मदतीला बाई आहे, रात्री सोबतीला लेक येते, थोरला दर महिन्याला येतो. घराचं पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. काही घरं रिकामी आहेत, पण तिघं एकत्र बसून कोडं सोडवत आहेत.

इथे यक्षप्रश्नांची आठवण होते. वनवासात तहानलेले पांडव एकामागून एक तळ्यावर गेले. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, प्रत्येकाने यक्षाचं न ऐकता पाण्याला ओंजळ लावली आणि कोसळला. युधिष्ठिर थांबला, त्याने सगळी उत्तरं दिली. पण खरी परीक्षा नंतर होती. यक्ष म्हणाला, एक भाऊ जिवंत करतो, कोणता ते सांग. पुढे युद्ध दिसत असताना भीम किंवा अर्जुन मागणं काही चुकीचं नव्हतं. युधिष्ठिराने नकुल मागितला. का? कुंतीचा एक मुलगा, म्हणजे तो स्वतः, जिवंत होता. माद्रीचाही एक असावा. त्याने आपलं उत्तर हयात नसलेल्या सावत्र आईच्या बाजूनेही जुळवून पाहिलं. म्हणून चौघेही उठले.

कुणी विचारेल, मग दुसऱ्याशी जुळावं म्हणून सत्य सोडायचं का? मुळीच नाही. छेदणारा शब्द चुकीचा असेल तर त्याच्याशी जुळवून सगळंच कोडं बिघडतं. अन्यायाला, खोटेपणाला ‘जुळवून घ्या’ म्हणणं हा धर्म नव्हे. पण आधी तपासावं, की मी सत्यासाठी अडलो आहे, की फक्त माझं अक्षर पेनाने लिहिलंय म्हणून? साधना म्हणजे पेन्सिलीने लिहायला शिकणं. नाम घेता घेता ‘माझंच’ हा ठसा फिका झाला, की खोडताना कागद फाटत नाही.

या आठवड्याचा नेम: घरात ज्या विषयावर अबोला आहे, त्यात ज्याला आजवर कुणी विचारलंच नाही अशा माणसाला, मग ती आजी असो, सून असो की शाळकरी मूल, एकदा विचारावं, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. त्याआधी एक माळ जप करावा, म्हणजे ऐकण्याचं बळ येतं.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु 🙏

— एक सेवेकरी भगिनी, इंदूर