न जगलेल्या काळाची ओढ

एका डोळ्यावर ओढलेली काळी झुलपे, काजळ, घट्ट जीन्स हा 2005 च्या आसपासचा इमो पेहराव आणि विंडोज एक्सपीचा निळा टास्कबार, या दोहोंसाठी अमेरिकेत आज हळवे होणाऱ्यांत तेव्हा जन्मलेलेही नसलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्या या ओढीला स्मृती म्हणावे का, हा प्रश्न आहे.

न्यायदर्शन नाही म्हणेल. अनुभवाचा संस्कार मनात उरतो आणि तो जागा झाला की स्मृती होते. अनुभवच नसेल तर जागे व्हायला काही नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकातला दुष्यंत मात्र इथे आडवा येतो. हंसपदिकेचे गाणे ऐकून तो उगाच व्याकूळ होतो आणि याचे मूळ मागच्या जन्मीच्या स्नेहात असावे, असा तर्क करतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते, की शकुंतलेला तो याच जन्मात विसरला आहे. हुरहुर खरी, तिचा लावलेला माग चुकीचा. इमॅन्युएल कांटनेही 1798 मध्ये असेच निदान केले. घरच्या ओढीने झुरणारे स्विस लोक गावी परतल्यावर निराश होतात, कारण त्यांना परत हवे असते ते तारुण्य.

तेव्हा या ओढीचेही कारण 2005 मध्ये शोधण्यात अर्थ नाही. ते आजच्या जगण्यात आहे. एक्सपीचा संगणक एका टेबलावर असे. बंद करायला घेतला की पडद्याचे रंग हळूहळू उडून तो करडा होई आणि माणूस खुर्चीवरून उठे. हातातल्या फोनला असे उठणे नाही. इमोचेही तेच. 1985 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंकमधून निघालेल्या या संगीताने पुढे दुःखाला पोशाख दिला, टोळके दिले; माय केमिकल रोमान्स या बँडच्या ‘द ब्लॅक परेड’ या अल्बमने तर 2006 मध्ये मृत्यूलाच बँडपथकाचा गणवेश चढवला. रात्री एकट्याने स्क्रोल करत बसणाऱ्याला त्या दुःखापेक्षा ते टोळकेच हवेसे वाटत असावे.

या ओढीतून बरेच काही गळते. 2003 मध्ये ब्लास्टर वर्ममुळे एक्सपीचे संगणक आपोआप रिस्टार्ट होत राहिले. 2008 मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने इमो पोरांना मारहाण केली. तो काळ जगलेल्यांना निदान अशा आठवणी अधूनमधून टोकतात. न जगलेल्यांना त्या मुद्दाम शोधाव्या लागतात, आणि तेवढी तसदी फारसे कोणी घेत नाही.