आधी कर्ज, मग वाटणी

हजला निघण्यापूर्वी आपल्याकडे माणूस गावभर फिरतो. भावकीत जातो, शेजारपाजारी जातो, ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले त्याच्याही दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘कहासुना माफ करा.’ कोणाचे पैसे द्यायचे असतील तर चुकते करतो. यामागचा विचार लहानपणापासून आपल्या कानावर आहे. अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाह माफ करील. बंद्याचा हक्क बुडवला तर आधी त्या बंद्याकडेच जावे लागेल. हुकूकुल-इबाद म्हणतात ते हेच. एका माणसापुरते हे आपल्याला पटते. पण हक्क एखाद्या देशाने बुडवला असेल तर? त्या देशातल्या एखाद्या शहराने कोणाच्या दारात जायचे?

हा प्रश्न आम्हाला पडला तो टोरांटोमुळे. तिथल्या सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स चौकात ३० सप्टेंबर २०२४ रोजी एक बाग खुली झाली. तिच्यात एक दगडी कासव आहे, खडकावरून धडपडत चढणारे. अनिशिनाबे समाजातील शिल्पकार सॉलोमन किंग यांनी ते घडवले. मूळ निवासी उत्तर अमेरिकेला ‘कासवाचे बेट’ म्हणतात. ही बाग निवासी शाळांतून जिवंत बाहेर पडलेल्यांसाठी आहे.

या शाळा म्हणजे वसतिगृहे नव्हेत. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मुले घरातून उचलून त्यांत घातली गेली. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. केस कापले जात, नाव बदलले जाई, मातृभाषेत बोलले की मार बसे. टोरांटोपासून शंभरेक किलोमीटरवर ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट ही अशीच शाळा होती. ती १९७० साली बंद झाली. रोज ताटात पडणाऱ्या लापशीवरून मुलांनी तिला ‘मश होल’, म्हणजे लापशीचे भोक, असे नाव ठेवले होते. देशभरच्या अशा शाळांत दगावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद आज झालेली आहे. नोंदच न झालेली किती, हे शोधण्याचे काम अजून चालू आहे.

घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी आणि वर ‘तुमची भाषा उर्दू ना?’ हा प्रश्न, अशा ओढाताणीत आपण वाढलो. म्हणून भाषेचे दुःख आपल्याला चटकन कळते. पण बरोबरी करण्याचा मोह टाळावा. आपल्याला कोणी आईच्या कुशीतून ओढून नेले नव्हते.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. सत्य व समेट आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. निवासी शाळांच्या व्यवस्थेशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या एगर्टन रायर्सन यांचे नाव टोरांटोतल्या विद्यापीठाने २०२२ साली काढून टाकले. यावर तिथलेच काही लोक म्हणतात, पाट्या बदलून काय होते? बागा कशाला?

आम्हाला हे पूर्ण पटत नाही. ही बाग नगरपालिकेच्या मनात आली आणि तिने लावली, असे झालेले नाही. टोरांटोतल्या ‘कौन्सिल फायर’ या मूळ निवाशांच्याच संस्थेने ती मागितली, तिच्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ब्रँटफर्डची ती शाळा पाडावी की ठेवावी, हेही तिथल्या समाजाला विचारले गेले. ‘ठेवा, म्हणजे कोणी नाकारणार नाही’ असा त्यांचा कौल पडला आणि इमारत उभी राहिली. ज्याचा हक्क बुडाला तोच सांगणार, माफी कशी मागायची ते. दारात जाणे म्हणतात ते हे.

पण दारात गेलेल्या हाजीच्या हातात पैशांची पिशवीही असावी लागते. इथे शहराची बाजू लंगडी पडते. टोरांटोची जमीन मिसिसॉगा लोकांची. १७८७ च्या खरेदीखतात जमिनीचे वर्णनच नव्हते, कागद कोरा! मग १८०५ साली सुमारे अडीच लाख एकरांचा व्यवहार दहा शिलिंगांत पक्का करून घेतला. त्याची भरपाई केंद्र सरकारने दिली ती २०१० साली, साडेचौदा कोटी डॉलर. त्याच ओंटारियो प्रांताच्या उत्तरेला नेस्कांटागा नावाची मूळ निवाशांची वस्ती आहे. नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, असा तिथला हुकूम १९९५ सालचा. २०२५ साली त्याला तीस वर्षे झाली. तळ्याकाठच्या त्या वस्तीतली एक पिढी नळाच्या पाण्याला घाबरत मोठी झाली.

आता आपल्या माणसांविषयी. टोरांटोत मराठी मंडळ आहे, गणपती आहे, मशिदी आहेत, तिथे ईदला भेटणारे आपले कोकणीही आहेत. त्यांना विचारले तर म्हणतात, ‘आम्ही तर काल आलो. ही पापे गोऱ्यांची.’ म्हणणे खोटे नाही. पण सातबाऱ्यावर बोजा असलेली जमीन घेतली तर बोजा मागच्या मालकाबरोबर निघून जातो काय? आपल्या मिरासीच्या कायद्यात तर क्रमच ठरलेला आहे. मय्यतीचे कर्ज फिटेपर्यंत वारसाला वाटणी मागता येत नाही. वारसाने ते कर्ज काढलेले नसते, गुन्हाही त्याच्या माथी नसतो. तरी फेडायचे मिळकतीतूनच. कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेत जून २०२१ पासून मूळ निवाशांच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. ती शपथ आपली मुले हात वर करून घेतात आणि बाहेर येऊन फोटो काढतात. वाटणी घेतली, तिच्यावरचा बोजा वाचला का, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला सुटत नाही. जी मुले त्या शाळांतच गेली, त्यांच्या वतीने माफ कोण करणार? हक्कदार हयात नसेल तर त्याचे देणे वारसाला पोचवावे, असे आपले उलेमा सांगतात. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला वारस कुठला? त्याची भावंडे असतील, त्यांची नातवंडे असतील. टोरांटोला ती शोधायला फार लांब जावे लागणार नाही. काही तर त्याच शहरात राहतात.