पालखी पुढे गेल्यावर

वारीचं पुण्य वारकऱ्याचं आणि मागे राहिलेली घाण गावाची, ही वाटणी धर्माला मान्य होईल का? पालखी मुक्कामाला येते तेव्हा लहान गावात एका रात्रीत गावाच्या कितीतरी पट माणसं उतरतात. त्यासाठी शासन ग्रामपंचायतींना निधी देतं, टँकर आणि फिरती शौचालयं येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आणि संस्थांचे कार्यकर्ते उघड्यावर निघालेल्यांना हात जोडून शौचालयाकडे वळवतात. 'निर्मल वारी'च्या या कामाने वाटेवरच्या गावांना खरोखर दिलासा मिळाला. तरीही शौचालयं रिकामी कोण करतं, पालखी हलल्यावर शेताच्या बांधावरचं कोण उचलतं, हे आपण विचारत नाही. हाताने मैला उचलायला लावणं 1993च्या आणि पुढे 2013च्या कायद्याने गुन्हा ठरलं, तरी पंढरपुरातल्या या प्रथेविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. ज्या भक्तीने दुसऱ्याचे हात मैल्यात घातले, ती कितीही निर्मळ मनाची असो, अपुरीच आहे.

शासन आणि समाज एकत्र आले की काम धर्माचं होतंच असं नाही. ज्याच्यावर ओझं पडतं त्याला तक्रार करता आली, तरच ते होतं. हे तत्त्व वारीला बाहेरून शिकवावं लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मार्ग काढतात आणि मगच आरती होते. एका दिंडीसाठी अख्खा सोहळा थांबवणारी ही रीत मला वारीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मात्र सफाई कामगाराच्या हातात टाळ नाही, ज्याच्या विहिरीकाठी तळ पडला त्या शेतकऱ्याच्याही नाही.

वारकऱ्याने नाम घ्यावं, स्वच्छता प्रशासनाने पाहावी, असं कोणी म्हणेल. पण दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांनी ही फारकत केव्हाच मोडली आहे. याउलट, सेवेकरी मिळाले की सरकार अंग काढून घेतं, हा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. म्हणून सीमा स्पष्ट हवी. रांग लावणं, समजावणं, आपल्या दिंडीचा कचरा गोळा करणं ही सेवा. मैला उपसणं मात्र यंत्राने, पगारी माणसाने, हातमोजे-बूट देऊनच व्हायला हवं, आणि ती जबाबदारी शासनाचीच. पालखी निघाली की दुसऱ्याच दिवशी त्या गावात सरपंच, तहसीलदार, दिंडीप्रमुखांचा प्रतिनिधी आणि सफाई कामगार मागे उरलेल्या तक्रारी सोडवायला एकत्र बसावेत. सोहळा पुढे गेल्यावर दिंडीचा माणूस मागे कसा राहणार, ही अडचण खरी आहे. पण पुढच्या मुक्कामावर जागा धरायला दिंड्या आपली माणसं आधी पाठवतातच. तसाच एक माणूस एक दिवस मागे ठेवता येईल.