जळलेलं आभाळ

‘फोटो ओव्हर झालाय, जरा नीट करून दे ना.’ कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाला ही मागणी हमखास येते. भर उन्हात काढलेला फोटो, माणसं छान आलेली, मागचं आभाळ मात्र कोऱ्या कागदासारखं पांढरं. मी सहसा हो म्हणतो. पण ‘नीट करणं’ म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आधी आभाळ जळतं कसं ते पाहू. महाडजवळ सव गावी, सावित्रीच्या काठी, गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाळ्यात तिथे कॅमेरा घेऊन उभे राहा. समोर काळा दगड, ओली माती, गर्द झाडी आणि वर पांढुरकं ढगाळ आभाळ. कॅमेऱ्याचं मीटर ढोबळमानाने असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे. फ्रेममध्ये काळोखी जास्त दिसली की ते उजेड वाढवतं. दगड उजळतात आणि आभाळ हातचं जातं.

सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे उजेड साठवणारी बादली समजा. बादली काठोकाठ भरली की त्यानंतर किती पाणी पडलं, ते ती सांगू शकत नाही. जेपेग फाइलमध्ये हा काठ २५५ या आकड्यावर असतो. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही तिथे टेकले की त्या जागी ढग होता की निळाई, याची नोंदच उरत नाही. काळोखाचं तसं नसतं. काळ्या दिसणाऱ्या कोपऱ्यात बादलीच्या तळाशी थोडं पाणी बहुतेक वेळा असतं. ते वर काढता येतं, भले थोडे दाणे दिसोत. १४ बिटची रॉ फाइल असेल तर वरच्या बाजूलाही थोडा वाव मिळतो, पण काठ तिलाही आहेच.

म्हणजे ‘नीट करणं’ या एका शब्दात दोन वेगळी कामं लपली आहेत. नोंद झालेलं पण दिसत नसलेलं वर आणणं, हे पहिलं. नोंदच न झालेलं बाहेरून आणून बसवणं, हे दुसरं. अ‍ॅपमध्ये दोन्हींची बटणं शेजारीशेजारी असतात.

दुसरं काम आजचं नाही. १८५०च्या दशकात फ्रान्समधला गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत असे. तेव्हाच्या काचांवरचं रसायन निळ्या उजेडाला फार लवकर भाळायचं, त्यामुळे समुद्र नीट आला की आभाळ जळायचं. मग त्याने काही चित्रांत समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलं. तेच ढग त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर सापडतात. त्याला कोणी लबाड म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. लोक त्याच्याकडे देखणं चित्र मागत होते, साक्ष नव्हे. ऑक्टोबर २०२०मध्ये फोटोशॉपमध्ये आभाळ बदलण्याची सोय आली आणि ल ग्रेची ती मेहनत एका क्लिकवर आली. लग्नाच्या अल्बमसाठी ती वापरायला माझी हरकत नाही.

अडचण साक्षीच्या फोटोंची आहे. जुलै २०२१च्या पुरानंतर महाडमधल्या एका ओळखीच्या दुकानदाराने मला त्याच्या भिंतीचा फोटो पाठवला. चुन्याची पांढरी भिंत, वर दुपारचं ऊन. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथली चिखलाची फिकट रेघ उन्हात पार विरघळून गेली होती. भिंत एव्हाना धुऊन झालेली, म्हणजे दुसरा फोटो शक्य नाही. तो म्हणाला, ‘भावा, रेघ छातीएवढी होती. मी स्वतः पाहिलीय. तेवढी ओढून दे. खोटं थोडंच आहे?’

त्याचं म्हणणं हलकं नव्हतं. रेघ खरी होती. नुकसान खरं होतं. खोटी होती ती फक्त माझी ओढायची रेघ, आणि तीही खऱ्या जागीच पडली असती. तरी मी ओढली नाही. फोटोचं वजन याच्यात असतं की ती रेघ कुणाच्या हाताने नाही, उजेडाने काढली. मी ओढली की ते आमचं म्हणणं होतं, आणि आम्ही ते उजेडाच्या नावावर खपवतो. शिवाय एका दुकानाची रेघ काढलेली आहे असं उघड झालं, की शेजारच्या दुकानाच्या अस्सल रेघेवरही संशय येतो. माझ्या मित्राच्या खरेपणाची किंमत त्याच्या शेजाऱ्याने का मोजावी?

फोटोचा उजेड उतरवून पाहिला, तेव्हा अर्धवट ओढलेल्या शटरच्या सावलीत वीतभर रेघ शाबूत निघाली. ती तशी ठेवली, मूळ फाइल सोबत जोडली. बाकीची उंची त्याने टेपने मोजून स्वतःच्या सहीने कागदावर लिहिली. फोटोतली वीतभर रेघ उजेडाची आणि कागदावरचा आकडा त्याचा, हे वाचणाऱ्याला कळत होतं. तो फारसा खूश नव्हता. मला तो राग समजतो.

कुणी म्हणेल, मग साक्षीचे फोटो तेवढे जपू, बाकीच्यांत मजा करू. पण कोणता फोटो कधी साक्ष होईल हे काढताना कळत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. त्याच्या आदल्या वर्षी कुणी त्या पुलाजवळ सहज सेल्फी काढला असेल, तर त्या रात्रीनंतर तो सेल्फी राहिला नाही. त्यातलं पाणी, दगड, कठडा सगळं माहिती झालं. तिथे चकचकीत निळं आभाळ चिकटवलेलं असेल, तर बघणारा उरलेल्या फोटोवर किती विश्वास ठेवेल?

म्हणून मी दोन साध्या सवयी पाळतो. मूळ फाइलला हात लावत नाही, कारागिरी प्रतीवर करतो. आणि सवसारख्या ठिकाणी एक्स्पोजर आधीच उणे एकवर आणतो. स्क्रीनवर दगड काळेभोर दिसतात, सोबतचे लोक ‘अंधार आलाय’ म्हणतात. येऊ दे. काळोख घरी जाऊन उघडता येतो.