मेखा वाहणारे सेवक

(शास्त्रपाठ : गणना ४:२९-३३; १०:११-२१)



विद्यार्थ्यांस घेऊन खेड्यापाड्यांत शिबिरास जाण्याचा प्रघात आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे. त्याची तयारी करिताना आपण गीते व प्रवचने यांचा विचार आधी करितो. राहुट्या, दोर व मेखा यांची काळजी कोणी तरी वाहील, असे मानतो. शास्त्र याविषयी काय शिकविते ते पाहू.

इस्राएल लोक सीनायच्या रानातून निघाले, तेव्हा निवासमंडप नेण्याचे काम लेवीच्या तीन कुळांस वाटून दिलेले होते. कहाथाच्या वंशजांकडे कोश, वेद्या, दीपवृक्ष अशा परमपवित्र वस्तू होत्या. त्या त्यांनी खांद्यांवर वाहावयाच्या होत्या. गेर्षोनाच्या वंशजांकडे पडदे व आच्छादने; त्यांस २ गाड्या व ४ बैल मिळाले. मरारीच्या वंशजांकडे फळ्या, खांब, मेखा व तणावे. त्यांस ४ गाड्या व ८ बैल मिळाले. या कामी ३० ते ५० वर्षे वयाचे ३,२०० मरारी मोजले गेले, आणि कोणी काय उचलावे हे नावनिशीवार ठरवून देण्याची आज्ञा झाली.

आता कूच करण्याचा क्रम पाहा. गेर्षोन व मरारी यांचे वंशज पुढे जात. पवित्र वस्तू घेऊन कहाथी मागून येत, आणि ते पोहोचण्यापूर्वी मंडप उभा झालेला असे. मेखा आधी पोहोचल्या नसत्या, तर पवित्र वस्तूंस ठिकाण कोठे मिळते?

यास्तव शिबिराचे प्रत्येक काम नावनिशीवार वाटून द्यावे. शेतमालकाच्या परवानगीवाचून एकही मेख ठोकू नये. ओढ्याचे पात्र व सखल जागा टाळावी. मेख सरळ न ठोकता तिचे डोके राहुटीपासून बाहेरच्या बाजूस कललेले ठेवावे, म्हणजे दोराचा ताण पडला तरी ती सहसा उपटत नाही. शौचाचे चर विहिरीपासून दूर खणावे व मातीने झाकावे. परमेश्वर छावणीत फिरतो म्हणून ती शुद्ध असावी, असे नियमशास्त्रच सांगते (अनुवाद २३:१२-१४).

आमच्या पाहण्यात एक शिबिर असे आले की, विद्यार्थी लिंबाखाली बसून गीतांचा सराव करीत होते, आणि गावच्या मंडळीतील वृद्ध माणसे त्यांची ओझी वाहत होती. सायंकाळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले या विषयावर प्रवचन झाले. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "मास्तर, त्या गंगाळात पाणी कुणी भरलं व्हतं?" सभा स्तब्ध झाली.

बंधूंनो, त्याचे उत्तर योहान १३:५ यात आहे: पाणीही प्रभूनेच ओतले. ज्यांच्या वाडवडिलांच्या डोक्यावर गावाने पिढ्यानपिढ्या वेठीचे ओझे दिले, त्यांच्याच डोक्यावर आपण ख्रिस्ताच्या नावाने पुन्हा ओझे ठेवावे काय? आपले प्रवचन गाव रात्री ऐकते. परंतु राहुटी कोणी उभारली, पाणी कोणी आणिले, भांडी कोणी घासली, हे ते दिवसभर पाहत असते.

तर पाळकांनी व उपदेशकांनी हातोडी प्रथम आपल्या हाती घ्यावी, आणि उत्तम वक्ता असेल त्या विद्यार्थ्यासही मेखांची पिशवी द्यावी. मरारीच्या वंशजांचे काम हलके नव्हते, व हलक्या मोलाचेही नव्हते. प्रभू आपल्या तरुणांस ती सेवा आनंदाने करण्याची कृपा देवो. आमेन.