'ज'च्या पोटातली चार अक्षरे

काजी, जाहीर, मजकूर, इज्जत. चारही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि आज चारहींत एकच 'ज' आहे. मूळ अरबीत तिथे चार निराळी अक्षरे होती. भारतातल्या मकतबात, म्हणजे कुरआन शिकवणाऱ्या शाळेत, त्यांना ज्वाद, जोय, जाल आणि जे म्हणतात. 'वारस', 'साहेब' आणि 'सवाल' यांतला 'स'ही असाच तीन अक्षरे गिळून बसला आहे. मराठीचे त्यात काहीच बिघडले नाही. परका शब्द आपल्या जिभेवर वळवून घेणे हा प्रत्येक भाषेचा हक्क आहे, आणि दप्तरातल्या कारकुनांनी तो बिनदिक्कत बजावला.

हीच जीभ कुरआन पढायला बसली की मात्र हा हक्क तिला उरत नाही. अरबीत 'कल्ब' म्हणजे हृदय, पण त्यातला 'क' पडजिभेजवळून काढला तर. आपला नेहमीचा 'क' काढला की त्याच शब्दाचा अर्थ होतो कुत्रा. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. 'इंद्रशत्रु' शब्दातला स्वर चुकला आणि इंद्राला मारण्यासाठी निर्माण केलेला वृत्रच मारला गेला, ही गोष्ट आपल्याकडे पतंजलीच्या काळापासून व्याकरणाच्या अभ्यासाला जोडून सांगितली जाते.

उच्चारांच्या या शास्त्राला 'तजवीद' म्हणतात, आणि अक्षर तोंडात जिथून निघते त्या जागेला 'मखरज'. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबीचा कोश रचायला घेतला, तेव्हा त्याने नेहमीचा अलिफ-बे हा क्रम सोडून दिला. घशाच्या खोल भागातून निघणाऱ्या 'ऐन'पासून सुरुवात करून तो ओठांकडे आला. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंतची वर्णमाला घोकलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटणारच. त्यावरून भारतीय प्रभावाचे तर्कही लढवले गेले, पण पुरावा हाती लागलेला नाही आणि तर्क तर्कच राहिला. खलीलचा शिष्य सीबवैही. त्याने अरबी ध्वनींचे जे वर्णन केले ते आजही आधाराला घेतले जाते, आणि हा गृहस्थ जन्माने इराणी होता. पुढे इब्न अल-जजरीने (मृत्यू 1429) सतरा मखरज सांगणारी छोटी पद्यरचना केली. विद्यार्थी ती अजून पाठ करतात.

यातले सर्वांत अवघड अक्षर ज्वाद. जिभेचा शेंडा इथे कामाचा नाही. जिभेची कड वरच्या दाढांना टेकवायची आणि जिभेचा मागचा भाग वर उचलून आवाज जाड करायचा. डाव्या बाजूने हे त्यातल्या त्यात सोपे, उजवीकडून कठीण, दोन्हीकडून एकदम तर दुर्मीळच, असे जुने ग्रंथ सांगतात. वाचून हे साधत नाही. कारी, म्हणजे पाठ शिकवणारा, समोर बसतो, मुले त्याच्या तोंडाकडे पाहतात, तो म्हणतो, ती म्हणतात, तो मान हलवतो, पुन्हा. या सरावाचे नाव 'मश्क'.

सुरा फातिहात, म्हणजे नमाजच्या प्रत्येक रकातीत (आवर्तनात) पढल्या जाणाऱ्या कुरआनच्या पहिल्या अध्यायात, हे अक्षर दोनदा येते, त्यातले एक अगदी शेवटच्या शब्दात. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजांच्या सतरा रकाती धरल्या, तर एकट्याने नमाज पढणाऱ्याला दिवसातून चौतीस वेळा या अक्षराशी गाठ. भारतात त्यावरून मोठा वाद झाला. तो शेवटचा शब्द 'दाल्लीन'सारखा म्हणायचा की 'जाल्लीन'सारखा? फतवे निघाले, पुस्तिका छापल्या गेल्या.

बाहेरून पाहणाऱ्याला हा अक्षरांचा कीस वाटेल. पण एवढ्या बारकाव्यात शिरणाऱ्या शास्त्राने माणसाला सवलत किती दिली, हे पाहण्यासारखे आहे. सीरियातल्या नववी या विद्वानाने (मृत्यू 1277) निकाल दिला की फातिहात ज्वादच्या जागी जोय आला तर तो पाठ ग्राह्य नाही. प्रयत्न करूनही ज्याला जमतच नाही, त्याची गोष्ट वेगळी. शंभरएक वर्षांनी दमास्कसच्याच इब्न कसीरने लिहिले की दोन्ही अक्षरांच्या जागा इतक्या जवळ आहेत की ही गल्लत माफ आहे. दोघेही शाफई पंथाचे. कोकणातले बहुसंख्य मुसलमानही त्याच पंथाचे. हनफी या दुसऱ्या पंथातल्या नंतरच्या अनेक विद्वानांनीही सर्वसामान्यांना सहज वेगळी करता न येणाऱ्या अक्षरांबाबत नरमाई दाखवली. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुहेरी पुण्य आहे, असे सांगणारी हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणजे नियम कडक आहे तो प्रयत्नाच्या बाबतीत. जीभ कुठवर वळते, याचा हिशोब तो बराच सैल ठेवतो.

आणि अरबांना तरी हे आईच्या दुधाबरोबर मिळते का? कैरोच्या रस्त्यावर 'कल्ब'मधला 'क' साफ गळतो आणि हृदयाचे 'अल्ब' होते. कैरोतल्या मुलालाही पाठासाठी तो 'क' शिकावा लागतो. 1961 साली महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण बाहेर पडले, ते याच इजिप्तमधून. ज्वादची कथा त्याहून गमतीची. सीबवैहीने वर्णिलेला, 'ल'सारखा जिभेच्या कडेने निघणारा ज्वाद आज बहुतेक अरबी बोलींत ऐकू येत नाही; कुठे तो जाड 'द' झाला, कुठे जोयमध्ये मिसळला. त्याची खूण सापडते स्पॅनिशमध्ये. तिथे नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात. हा शब्द म्हणजे मूळचा 'अल-काजी'. आपल्या काजीत जिथे 'ज' बसला, तिथे स्पेनच्या लोकांना 'ल्द' ऐकू आला होता.

हे ध्यानात घेतले की गेल्या काही वर्षांत शहरी भारतात रुजलेला एक आग्रह विचित्र वाटू लागतो. 'रमजान' म्हणणे चूक, 'रमादान' म्हणा, असे तरुण मंडळी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतात. रमजानमध्ये ज्वाद आहे हे खरे. पण 'दरवाजा'तला 'द' म्हणजेही ज्वाद नव्हे. एक देशी अक्षर टाकून दुसरे देशी अक्षर घेतले, एवढेच झाले. शिवाय तजवीदचा नियम तिलावतीपुरता, म्हणजे कुरआनच्या पाठापुरता, आहे. बाजारातल्या, स्वयंपाकघरातल्या बोलण्यावर त्याने कधी अधिकार सांगितलेला नाही. सांगितला असता तर 'काजी', 'हजर', 'अर्ज', 'जामीन', 'रजा' हे सगळेच शब्द गुन्हेगार ठरले असते, कारण या प्रत्येकात एक ज्वाद दडलेला आहे.

रत्नागिरीकडची एखादी म्हातारी बाजारात 'रमजान'चा खजूर मागते. घरी येऊन नमाजाच्या मुसल्ल्यावर उभी राहते, फातिहाच्या शेवटच्या शब्दापाशी किंचित थांबते आणि उरलेल्या चार दाढांना जीभ टेकवायचा प्रयत्न करते.