आवडण्याचा अधिकार

चित्रपट चांगला की वाईट, हे कुणी ठरवायचे? प्रश्न करमणुकीचा दिसतो, पण मला तो नीतीचा वाटतो. कारण एखाद्या चित्रपटाला नावे ठेवताना आपण पुष्कळदा तो आवडलेल्या माणसालाच नावे ठेवत असतो.

सौसर-पांढुर्ण्याकडच्या मराठी माणसाचे समीक्षकाशी नाते जरा निराळे. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्याच राज्याची राजधानी होती. पुढे ते मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. टॉकीजमध्ये लागत ते बहुधा हिंदी पिक्चर. मराठी चित्रपट आम्हाला भेटे तो नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ यांवर आमच्या ओसरीवर कडाक्याचे वाद झाले, तेव्हा वाद घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते पाहिलेले नव्हते. परीक्षण हाच आमचा चित्रपट! मुंबई-पुण्याच्या वाचकाला परीक्षण म्हणजे सल्ला; पटला नाही तर तो तिकीट काढून स्वतः खात्री करून घेई. आम्हाला तो निकाल होता, आणि त्यावर अपील नव्हते. जो पाहू शकत नाही त्याच्याविषयी लिहिणाऱ्याची जबाबदारी अधिक, हे किती समीक्षकांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबलच्या लक्ष्मीसाठी खेड्यापाड्यांतल्या बाया गाड्या भरभरून जात आणि पदर भिजवून परतत. आमच्या नात्यातल्या एक मोठी आई नागपूरला लेकीकडे गेल्या असता तो पाहून आल्या आणि चार दिवस त्याच्याविषयीच बोलत होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने कुठल्याशा परीक्षणातला ‘रडका, बटबटीत’ हा शेरा त्यांना वाचून दाखवला. मोठी आई गप्प झाल्या. इतक्या गप्प, की पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्या चित्रपटाचे नाव काढले नाही. शेरा कदाचित बरोबरही असेल. पण त्या शेऱ्याने त्यांच्याकडून जे हिरावून घेतले, त्याचा हिशेब कुणी द्यायचा? समीक्षकाने, की त्याचे शब्द काठीसारखे वापरणाऱ्या पुतण्याने? मी तरी पुतण्याच्या पदरात अधिक दोष टाकीन.

यावरून ‘लोक खरे, समीक्षक खोटे’ असे कुणी म्हणेल, तर तेही मला मान्य नाही. १९५९ चा ‘कागज के फूल’ लोकांनीच नाकारला, आज तो गुरुदत्तच्या उत्तम कृतींत गणला जातो. उलट १९७५ साली ‘शोले’ला आरंभी अनेकांनी नाक मुरडले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ तर १९३६ साली गर्दीनेही उचलून धरला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवानेही गौरवला. तेव्हा टाळ्या आणि पदके यांचे हाडवैर आहे, असे नाही.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात ‘डॉन किहोते’तली एक गोष्ट सांगितली आहे. दोघांनी एका पिंपातली दारू चाखली. एक म्हणाला, चांगली आहे, पण कातड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली निघाली. मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे, की दोघांनीही नुसते ‘वाईट’ म्हटले नाही. काय लागते ते सांगितले. कारण सांगितले तर समोरच्याला तपासता येते, वाद घालता येतो. नुसत्या शेऱ्यापुढे मान तरी तुकवावी लागते, नाही तर पाठ फिरवावी लागते.

आणि कारण सांगायला पदवी लागते थोडीच! खूप दिवसांनी मोठी आई एकदा आपणहून बोलल्या, “सासू काय रोजच तशी वाईट रायते का रे बापा? एखांद्या दिवशी लाडानंही बोलते. तोच तर खरा तरास हाये. तो काई त्याईनं दाखवला नाई.” त्या चित्रपटातला दोष इतका नेमका सांगणारे परीक्षण माझ्या वाचनात नाही. आणि हे सांगणारी बाई त्याच चित्रपटात मनसोक्त रडली होती. रडणे आणि दोष दिसणे, दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, हे पुतण्याला कुणी शिकवलेच नव्हते.

आता दिवस पालटले आहेत. २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा आहे, आणि मराठी चित्रपटासाठी नागपूरची गाडी धरावी लागतेच असे नाही. मोबाईलवर सारे दिसते. निकालही तिथेच, ताऱ्यांच्या आकड्यात. परवा घरी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ पाहिला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, म्हणून आधी सगळे सावरून बसले. त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा भाषा मिसळलेल्या, त्यामुळे आमच्या दुभाषी घरात कुणी परके राहिले नाही. शेवटाकडे न्यायालयातले दिवे मालवतात आणि पडद्यावर अंधार रेंगाळतो. हिंदी माहेरची सूनबाई म्हणाली, “इतनी देर अँधेरा क्यों रखा?” मुलगा म्हणाला, पुरस्कार मिळालाय, काहीतरी अर्थ असणारच. मी त्याला म्हटले, तिच्या प्रश्नाचे उत्तर दे, पुरस्काराचे नको सांगू. जेवणे आटोपून भांडी घासून झाली तरी दोघांचे चाललेच होते.